डी ड्राइव्हचा बांध

आमच्या घरच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी हसनाबादहून गावातली जाणती माणसं जालन्याला आमच्या घरी आली होती. जमीन झाली, विहीर झाली, बैलजोडी, मोठी पातेली, सगळं झालं. मग बैठकीच्या कोपऱ्यात भरतकामाच्या कापडाखाली झाकलेल्या कॉम्प्युटरकडं सगळ्यांची नजर गेली. एकत्र असताना हौसेनं घेतलेला, म्हणून तो दोघा भावांचा. धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा. थोरले म्हणजे माझे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणायचे. खरं तर म्हणायचे कधी, हा प्रश्नच आहे, कारण आमच्यात थोरल्या दिराशी सून समोरासमोर बोलत नसे. ते बैठकीत आले की मी खुर्चीवरून उठायचे, आणि त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते माझ्या नवऱ्याला सांगायचे. मी हातभर अंतरावर उभी असले तरी म्हणायचे, "तिला म्हणावं, चहा ठिव." नवरा माझ्याकडं बघायचा आणि मी चहा ठेवायचे.

"हे इकून टाका," एक म्हातारबा म्हणाले.

"इकायचं कशाला?" भाऊजी म्हणाले. "ह्याच्यात बराबर दोन वाटे हायेत. एक सी, एक डी. निम्मं निम्मं."

आता हे खोटं नव्हतं. दुकानदारानं देतानाच आतल्या हार्ड डिस्कचे दोन सारखे भाग करून दिले होते. पण पेटीला हात न लावता तिच्या आतल्या आत वाटणी होते हे ऐकून मंडळींनी चहाच्या बशा खाली ठेवल्या.

आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे करताना कुणाला हात मारता येत नाही. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, कारण घरात त्या कॉम्प्युटरवर काम असं काही मीच करत होते, बाकीचे त्यावर गाड्या पळवत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "डी."

"आन् फरक काय दोन्हीत?" म्हातारबांनी विचारलं.

"सी रोडला लागून हाय," भाऊजींनी समजावलं. "मशीन चालू केलं की आधी सी लागतो. डी त्याच्या मागं."

"मंग सूनबाईनं मागचं वावर घेतलं की!" सगळे हसले. "आन् तिनं जायचं कुठून?"

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की सीवाल्यानं डीवाल्याला जायला-यायला वाट द्यायची आणि ती अडवायची नाही. विंडोज सीमध्ये होती, ती सुरू झाल्याशिवाय डी उघडत नव्हता, त्यामुळे निकाल बरोबरच होता. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरते तशी कॉम्प्युटरचीही ठरली. सकाळ त्यांची, दुपारनंतरची वेळ माझी.

मी डी का घेतला, ते सांगते. त्यात माझा प्रबंध होता. भोकरदन तालुक्यातल्या काळ्या रानातली तणं, हा माझा विषय. लग्नाच्या आधी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, लग्नानंतर इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे शिकवलेल्या तासापुरती मी प्राध्यापक आणि सुट्टी लागली की कुणीच नाही. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होण्याची गोष्ट सोडा, पुढच्या वर्षी बोलावतील याचीही खात्री नव्हती. सासरी माझ्या विषयाची भारी गंमत वाटायची. लोक बायका लावून तण उपटतात आणि आमची सून ते वर्तमानपत्रात दाबून वाळवते. केना, कुंदा, लव्हाळा, आघाडा, कुर्डू, कुणाच्याही वावरात शिरून मी उपटून आणायचे. सगळ्यात जास्त तणं मिळायची बांधावर, कारण बांधावर नांगर चालत नाही. प्रबंधाला मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. दुसरी मिळत नसते, असं मार्गदर्शकांनी फोनवर सांगितलं होतं, आणि हे सांगताना त्यांचा आवाज फार कोरडा होता.

आणि दुसरं कारण सांगायलाच हवं. त्या दिवशी जमिनीचे, घराचे, भांड्यांचे इतके वाटे झाले, त्यात माझ्या तोंडून निघालेला आणि मला मिळालेला एकच होता. वाटणीपत्रात त्याची नोंद नव्हती, असणारही नव्हती. तरी डी माझा होता. मी त्याला नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत "तण". कॉम्प्युटर उघडला की ते नाव दिसायचं आणि मला बरं वाटायचं.

तर एके दुपारी कॉलेजातून आले, कापड काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, आणि नेहमीचे ढग आणि खिडकी यायच्या ऐवजी एक ओळ येऊन थांबली. डिस्क बूट फेल्युअर, सिस्टिम डिस्क घाला आणि एंटर दाबा, अशा अर्थाची. मी एंटर दाबलं. तीच ओळ परत. बंद करून चालू केला, तीच ओळ. 

भाऊजी ओसरीत बसले होते. आत न येताच नवऱ्याच्या नावानं हाक मारून म्हणाले, "तिला म्हणावं, व्हायरस आल्ता सकाळी. तिच्याच फ्लॉपीतून आला आसंल. कॉलेजातून कुठल्या कुठल्या फ्लॉप्या घिऊन येते." नवरा घरात नव्हता, तो बियाणं कंपनीच्या गोदामावर होता. तरी निरोप त्याच्याच नावानं आला.

व्हायरस तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. लाइट गेली तरी व्हायरस, माउस अडकला तरी व्हायरस. पण मी फ्लॉपी घालायच्या आधी दर वेळी तपासायचे आणि आदल्या दुपारी सगळं ठणठणीत होतं. मी भाऊजींना काही बोलले नाही. बोलायची रीत नव्हती, आणि अजून माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दुकानातून मेकॅनिक आणला. पोरगेलासा, घाईत, खिशात सीड्या. त्यानं ती ओळ वाचली, एंटर दाबलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागतो. आत्ता करून देतो, जल्दी होईल. नवं विंडोज टाकतो."

"आणि डीमधलं?"

"ते जाईन की. पूर्ण कोरा होतो."

त्यानं सीडी काढली आणि मी त्याच्या आणि पेटीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. म्हणाले, "हात लावायचा नाही." तो हसला. मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. तो नवऱ्याकडं वळला, "दादा, समजवा ना मॅडमला. दुसरा इलाजच न्हाई." नवरा म्हणाला, "अगं, तुझी वाळवलेली झाडं तर आहेत ना? परत टाइप कर. आता तर तुला सगळं पाठ झालं असेल."

मला भयंकर राग आला. त्याला वाटत होतं प्रबंध म्हणजे नावांची यादी. कुठलं तण कुठल्या मातीत, कुठल्या पिकात, कुठल्या महिन्यात फुलतं, गावातल्या बायका त्याला काय म्हणतात, त्याची भाजी होते का, ढोरं खातात का, ते मी बांधाबांधानं हिंडून, विचारून, परत परत ताडून लिहिलं होतं. आज पोरं विचारतात, बॅकअप नव्हता का? होता. फ्लॉपीवर होता आणि फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, जशी त्या काळी सगळ्यांच्या लागायची. मेकॅनिक सीडी खिशात घालून निघून गेला. जाताना म्हणाला, "बोलावून घ्या परत, दोन दिवसांनी तुम्ही बोलावणारच."

खरं काय झालं ते मला माझ्या थोरल्या जावेनं सांगितलं. भाऊजींच्या बायकोला मी अक्का म्हणायचे. स्वयंपाक वेगळा झाला तरी बैठक आणि गच्ची एकच होती आणि आम्ही दोघी तिथं तूर निवडत होतो. अक्का तशी मोजकं बोलणारी. सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "व्हायरस-बियरस काय आल्ता न्हाई. माझा भाऊ आल्ता केदारखेड्याहून. त्यानं कोर्स केला न कॉम्प्युटरचा. हे त्याला म्हणाले, सी पूर्ण भरला, पोरीच्या लग्नाची फिल्म बसून न्हाई राह्यली. डीमधी लई जागा रिकामी पडली हाय. बांध जरासा सरकव तिकडं."

"मग?"

"मंग त्यानं काय काय दाबलं. आन् त्याचं तोंड उतरलं. म्हणला, दाजी, मी जातो, गाडी निघंल."

मी सूप खाली ठेवलं. आमच्या भागात बांध कोरणं ही काही नवी गोष्ट नाही. नांगरताना दर साली एक तास, म्हणजे नांगराचा एक चर, शेजाऱ्याच्या बांधात घालायचं, काही वर्षांत बांध आपोआप सरकतो आणि मोजणी होईपर्यंत कुणी कबूल करत नाही. भाऊजी स्वतः गावी शेजाऱ्याशी याच कारणावरून कोर्टात गेले होते. त्या माणसानं घरात बसून माझा बांध कोरायला लावला होता. कॉम्प्युटरमधला बांध नांगराच्या तासानं सरकत नाही, तो आधी पूर्ण मोडावा लागतो, हे ना त्यांना ठाऊक, ना कोर्स केलेल्या मेव्हण्याला.

माझ्याजवळ सुरुवातीची एक फ्लॉपी होती, विंडोज नसली तरी मशीन कसंबसं चालू करणारी. ती घालून मी डिस्कचे भाग दाखवणारा प्रोग्राम उघडला. तिथं लिहून आलं, एकही भाग नाही. सी नाही, डी नाही. मेव्हण्यानं आधी डी काढला होता. मग त्याला कळलं असणार की तेवढ्यानं सी वाढत नाही, म्हणून सीही काढला, आणि पुढं सगळं नवं करायचं म्हणजे दाजींचंही सगळं जाणार हे दिसल्यावर पळाला. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. हा प्रोग्राम भाग पुसायच्या आधी विचारतो, त्या भागाचं नाव टाइप करून दाखवा. म्हणजे त्यानं माझं "तण" वाचलं, एकेक अक्षर टाइप केलं, आणि मग पुसलं. चुकून झालं, असं मला कुणी सांगू नये.

स्टेशन रोडला एक इंटरनेट कॅफे होता. प्लायवूडच्या खुराड्यांना पडदे, आत कॉलेजची पोरं. मी पदर खोचून आत शिरले तेव्हा दोन-तीन पडदे पटकन ओढले गेले. मालक उर्दू बोलणारे, दाढी पिकलेले गृहस्थ. ताई म्हणावं तसं त्यांनी अदबीनं विचारलं, "बाजी, ईमेल देखना है?" मी म्हणाले, "नाही, डिस्क बूट फेल्युअर." त्यांनी मला दाराजवळच्या, पडदा नसलेल्या खुर्चीवर बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोकावू नये म्हणून स्वतःची खुर्ची मध्ये ओढून घेतली.

तिथं वाचत वाचत मला समजलं ते असं. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात एक छोटी नोंद असते. मशीन चालू झालं की आधी ती वाचतं. तिला बूट रेकॉर्ड म्हणतात. सी कुठून कुठपर्यंत, डी कुठून कुठपर्यंत, आणि सुरुवात कुठून करायची, एवढंच त्यात असतं. मेव्हण्यानं पुसलं होतं ते हे. तलाठ्याच्या चावडीला आग लागली म्हणून कुणाचं वावर जळत नाही, तसं आतलं सगळं जिथल्या तिथं होतं. आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी त्याची स्वतःची एक खूण असते, हद्दीच्या दगडासारखी. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जाऊन हे दगड शोधणारा एक छोटा प्रोग्राम कुणीतरी फुकट ठेवला होता. अट एकच होती. मधल्या काळात डिस्कवर नवं काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट तर बिलकुल नाही. मी त्या खुर्चीत बसून रडले. मालक दुसरीकडं बघत राहिले आणि थोड्या वेळानं चहा मागवला.

घरी आले तर बैठकीत मेकॅनिक. रविवारी अंकुशनगरहून भाऊजींचे व्याही येणार होते, त्यांना लग्नाची फिल्म कॉम्प्युटरवर दाखवायची होती. टीव्हीवर काय, कुणीही दाखवतं. "तिला म्हणावं, आता लई झालं," भाऊजी नवऱ्याला म्हणाले. "पाव्हणे येऊन राह्यले. तिच्या गवतापायी घरची इज्जत घालवायची का?"

मी आत गेले, शिलाई मशीनच्या खणातला पेचकस आणला, सगळ्यांच्या समोर पेटीचं झाकण उघडलं, केबल ओढली, चार स्क्रू काढले आणि हार्ड डिस्क हातात घेतली. ती चांगलीच जड असते. ती मी माझ्या लोखंडी कपाटात पैठणीच्या घडीत ठेवली आणि चावी कमरेला लावली.

"अरे, ती आमची बी हाय!" भाऊजी नवऱ्याला ओरडले.

मीही नवऱ्यालाच म्हणाले, "त्यांना म्हणावं, सी त्यांचा आहे. तेवढा काढून न्या."

मेकॅनिकला हसू आवरेना. नवरा मात्र त्या रात्री माझ्याशी बोलला नाही, आणि मीही त्याच्याशी बोलले नाही. दोन-तीन दिवस घरात भांड्यांचेच आवाज तेवढे होते. भाऊजींच्या बाजूनं मुद्दाम मोठ्यानं बोललं जायचं, शिकलेल्या बायका, घरं फोडणाऱ्या बायका वगैरे. मी ऐकायचे आणि परीक्षेचे पेपर तपासत बसायचे. घाबरले नव्हते असं नाही. डिस्क पैठणीत होती, पण तिच्यात खरंच काही शिल्लक आहे का, हे फक्त वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. कॅफेतून आणलेली फ्लॉपी घरच्या मशीनमध्ये वाचलीच गेली नाही. परत गेले, दुसरी आणली, तीही अर्धी वाचून अडकली. तिसऱ्या खेपेला मालकांनी स्वतः नवी फ्लॉपी फोडली, दोनदा तपासली आणि म्हणाले, "जाओ बाजी, अब बराबर चलेगी."

रविवार उजाडला. त्या आठवड्यात लाइट सकाळी असायची आणि दुपारी जायची. मध्ये लाइट गेली तर काय होईल, हे मला बघायचं नव्हतं. म्हणून सकाळची भाऊजींची पाळी मी न विचारता घेतली. डिस्क जोडून बसले. प्रोग्राम चालू केला. पडद्यावर आकडे पुढं सरकायला लागले. एवढ्यात व्याही आणि विहीणबाई आले, बूट-चपला निघाल्या, पाणी झालं. भाऊजी पाहुण्यांना घेऊन बैठकीत आले आणि मी खुर्चीवरून उठले नाही.  

"काय चाललंय?" व्याह्यांनी विचारलं.

"व्हायरस आल्ता," भाऊजी म्हणाले. "आमची सून काढून राह्यली."

आकडे थांबले. दोन ओळी आल्या. पहिली, सी. दुसरीपुढं इंग्रजी अक्षरांत "तण". मी त्या ओळीवर जाऊन आतल्या फायली मागितल्या. पडद्यावर एकाखाली एक नावं उतरली. केना, कुंदा, लव्हाळा, आघाडा, कुर्डू. माझ्या तोंडून मोठ्यानं आवाज निघाला, काय निघाला ते आठवत नाही. विहीणबाई दचकल्या. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती आणि तिच्या हातात पोहे तसेच होते.

आता फक्त ही हद्द पहिल्या कप्प्यात परत लिहायची होती. एक कळ दाबायची. पण मी दाबली नाही. नवऱ्याकडं वळून म्हणाले, "त्यांना म्हणावं, इथं येऊन बसा. मोजणीला शेजारचा खातेदार हजर लागतो."

नवऱ्यानं हे त्यांना सांगितलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग, हे मी त्याच्या बाजूनं सांगते, त्यानं स्वतः एक स्टूल उचलून माझ्या खुर्चीशेजारी ठेवलं. पाहुण्यांसमोर भाऊजींना बसावंच लागलं.

"हा तुमचा सी," मी पडद्याकडं बघत म्हणाले. "इथून इथपर्यंत. हा माझा डी. इथून इथपर्यंत. बरोबर आहे? मग लिहू?"

त्यांनी मान हलवली. मी कळ दाबली, मशीन बंद करून चालू केलं. आणि सिस्टिम सापडत नाही अशी ओळ आली. भाऊजींनी सुस्कारा टाकला, जणू त्यांना हेच हवं होतं.  मग आठवलं की हद्द लिहिली, पण सुरुवात कुठून करायची ते लिहायचं राहिलं. फ्लॉपी परत घातली, सी ही सुरुवात असं नोंदवलं, फ्लॉपी काढली, चालू केलं. ढग आले. खिडकी आली.

सीमध्ये मुलांच्या गाड्या होत्या आणि भाऊजींच्या मुलीचे हळदीचे फोटो होते, जे स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर घालून दिले होते आणि ते तिथं आहेत हेच भाऊजी विसरले होते. त्यातला एक मी उघडला. भाऊजी बराच वेळ बघत बसले. पोर सासरी गेल्यापासून ते तिचं नाव फारसं काढत नसत. फॉरमॅट मारला असता तर हेही गेलं असतं, हे त्यांना तिथंच कळलं असावं, कारण त्यांनी डोळे पुसले. मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून राग गेला नव्हता.

व्याही म्हणाले, "वा! मोठा खतरनाक व्हायरस दिसतो."

"लई खतरनाक," भाऊजी म्हणाले. "तिच्या फ्लॉपीतून—"

"व्हायरस नव्हता आला, भाऊजी," मी म्हणाले. नवऱ्यामार्फत नाही, त्यांच्या तोंडाकडं बघून. "तुम्ही बांध कोरला. डी माझा आहे. पंचांसमोर तुम्हीच वाटा केला आणि मी उचलला. परत त्याला हात लावाल तर हसनाबादची तीच माणसं परत बोलावीन आणि त्यांच्यासमोर मोजणी मागीन."

 व्याही चहाकडं बघू लागले. विहीणबाई मात्र माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांनी नजर काढली नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, "न्हाई लावणार." ते माझ्याकडं बघून म्हणाले, माझ्या नवऱ्याकडं नाही. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

दुपारी लाइट गेली आणि पाहुण्यांना लग्नाची फिल्म दाखवायची राहिली ती राहिलीच. प्रबंध मी मुदतीत दिला. त्यानंतर भाऊजी कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत, नवऱ्यामार्फतही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट चहाचे निरोप बंद झाले.

पाहुणे गेल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी माझ्या पाळीत मी टाइप करत होते. अक्का आली, हात पदराला पुसत. ती त्या कॉम्प्युटरजवळ धूळ झटकायला सोडून कधी आली नव्हती. स्टुलावर बसली. म्हणाली, "तुझ्या डीमधी मला जरा जागा देशील?"

मला वाटलं भाऊजींनी पाठवलं. ती माझ्या मनातलं ओळखून म्हणाली, "त्यांना ठाव न्हाई. माझ्याचपुरती."

"काय ठेवायचंय, अक्का?"

"ते मंग बघू," ती म्हणाली. "आधी जागा तर होऊ दे."

मी डी उघडला, एक नवं फोल्डर केलं. ते नाव विचारत होतं. मी तिला विचारलं, काय लिहू? मला वाटलं ती अक्का म्हणेल, नाहीतर लग्नात सासरी ठेवलेलं नाव सांगेल, ज्या नावानं भाऊजी तिला हाक मारत. तिनं थोडा विचार केला आणि तिचं माहेरचं नाव सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून ते मला ठाऊक नव्हतं. मी ते टाइप केलं.